तिरळ्या डोळ्याच्या आत

तीन-चार वर्षांच्या मुलाला चष्म्याचा नंबर काढायला नेले, तर नेत्रतज्ज्ञ बहुधा त्याच दिवशी नंबर देत नाहीत. आधी तीन दिवस दोन्ही डोळ्यांत ॲट्रोपिनचे मलम घालायला सांगतात आणि मग पुन्हा बोलावतात. त्या दिवसांत मुलाच्या बाहुल्या मोठ्या होतात, उन्हात डोळे मिटले जातात, चित्रांचे पुस्तक हातात दिले तर चित्रे पुसट दिसतात. बाहुली पूर्ववत व्हायला आठ-दहा दिवसही लागतात आणि तोवर घरातली मोठी माणसे काळजीत असतात.

या मलमाने डोळ्याच्या आतला एक गोल स्नायू काही दिवस निजवलेला असतो. दूरवरची नजर काढून आपण हातातल्या अक्षरांकडे पाहतो, तेव्हा हा स्नायू आवळतो, भिंग फुगते आणि जवळचे स्पष्ट दिसते. लहान मुलात तो इतका जोमदार असतो की डोळ्याचा मोठा प्लस नंबरही झाकून टाकतो. त्याला निजवल्याखेरीज खरा नंबर हाती लागत नाही. मला या स्नायूचे विशेष अप्रूप आहे. तिरळेपणा आणि डोळ्याच्या मधल्या थराची सूज हे दोन विकार वैद्यकाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, त्यांचे तज्ज्ञही वेगळे असतात; पण या स्नायूपाशी ती दोन्ही प्रकरणे एकमेकांना भिडतात.

डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात. बाहेरचा थर पांढरा आणि चिवट. सर्वांत आत प्रकाश टिपणारे दृष्टिपटल. या दोहोंमधला थर म्हणजे युव्हिया. समोरून बुबुळात जो तपकिरी, काळा किंवा घारा गोल दिसतो तो युव्हियाचाच पुढचा भाग. त्याला परितारिका म्हणतात आणि तिच्या मधल्या छिद्राला आपण बाहुली म्हणतो. परितारिकेच्या मागे सिलियरी पिंड असतो. भिंग फुगवणारा गोल स्नायू याच्यातलाच. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातले पाणीही हाच पिंड तयार करतो, मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर. तेवढ्यावर तो कप्पा दीड-दोन तासांत नव्याने भरून निघतो. युव्हियाचा उरलेला भाग दृष्टिपटलाच्या मागे पसरलेला असतो. हे रंजितपटल म्हणजे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरात सर्वाधिक रक्त खेळणाऱ्या जागांमध्ये त्याची गणना होते.

आता तिरळेपणाकडे. जवळ पाहताना सिलियरी स्नायू आवळला की त्याच क्षणी आणखी दोन गोष्टी होतात: बाहुली बारीक होते आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. मेंदूने या तिन्ही हालचाली एकत्र बांधलेल्या आहेत. ज्या मुलाला मोठा प्लस नंबर आहे, त्याला दूरचे नीट दिसण्यासाठीही हा स्नायू आवळावा लागतो आणि जवळच्यासाठी तर फारच. जितका जोर अधिक, तितके डोळे आत वळण्याची आज्ञाही अधिक. अखेर एक डोळा नाकाकडे सरकतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथल्या फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा संबंध उलगडून दाखवला. तोवर डोळा आत वळला की दोष स्नायूंचाच, अशी समजूत होती. डॉन्डर्स यांनी दाखवले की अशा कित्येक मुलांचे स्नायू ठणठणीत असतात. त्यांना हवा असतो फक्त चष्मा.

याचे प्रत्यक्ष दर्शन थक्क करणारे असते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला पूर्ण नंबरचा चष्मा लावला की काही दिवसांत, कधी त्याच बैठकीत, डोळे सरळ होतात. चष्मा काढला की पुन्हा आत. इथेच पालकांची गफलत होते. चष्मा काढल्यावर तिरळेपणा अधिकच डोळ्यांत भरतो, म्हणून ‘चष्म्यानेच बिघडले’ असे समजून तो कपाटात जातो. खरे तर चष्मा असताना मुलाचा तो गोल स्नायू विसावलेला असतो. चष्मा काढताच त्याला पुन्हा झटावे लागते आणि डोळा आत ओढला जातो.

सगळेच तिरळेपण चष्म्याने जाणारे नसते. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू जोडलेले असतात, चार सरळ आणि दोन तिरके. बारा स्नायूंना एका तालात ठेवणे ही मेंदूची दिवसभराची कामगिरी आहे आणि त्यात अंशाचाही फरक चालत नाही. या सहांपैकी वरचा तिरका स्नायू तर शरीररचनेतले आश्चर्यच आहे. खोबणीच्या खोल तळाशी तो सुरू होतो, पुढे येऊन भुवईच्या आतल्या कोपऱ्याशी असलेल्या कूर्चेच्या एका कप्पीतून जातो आणि तिथून मागे वळून डोळ्याला चिकटतो. ओढतो मागे, पण त्याचा परिणाम कप्पीच्या दिशेने होतो. त्याला हुकूम देणारी मेंदूची चौथी नस ही बारा जोड्यांमधली सर्वांत बारीक, आणि मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने निघणारी एकमेव. डोक्याला जोरात मार बसला की ती चटकन दुखावते. कधी ती जन्मतःच दुबळी असते. असे मूल मान एका खांद्याकडे कलती ठेवते, कारण तशी ठेवली तरच दोन्ही डोळ्यांची चित्रे एकावर एक बसतात. घरचे मानेला मालीश करत राहतात, व्यायाम करून घेतात. दोष मानेत नसतोच. मान कलती ठेवणाऱ्या मुलाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

दोन डोळे दोन दिशांना पाहू लागले की मेंदूपुढे पेच पडतो. एकाच जागी दोन वेगळी चित्रे येतात आणि एकच वस्तू दोन जागी दिसते. मोठ्या माणसाला अचानक असे झाले तर त्याला जिना उतरता येत नाही, चहाचा कप धरता येत नाही. तो एक डोळा हाताने झाकून दवाखान्यात येतो. मधुमेह किंवा रक्तदाबाने सहावी नस दुखावली तर असे होते आणि बहुतेकदा काही महिन्यांत ते निवळते. पण पापणी खाली आली असेल आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटा तिसऱ्या नसेवर दाब देत असण्याची शक्यता असते. तेव्हा रुग्णालयात त्याच दिवशी, त्याच तासाला जायला हवे.

लहान मुलाला मात्र दोन दिसत नाहीत. सहा-सात वर्षांच्या आतला मेंदू यावर एक उपाय काढतो: वाकड्या डोळ्याकडून येणारे चित्र तो मोजेनासा होतो. मूल धावते, खेळते, तक्रार करत नाही. आणि त्या न मोजल्या जाणाऱ्या डोळ्याची नजर मागे पडत जाते. डोळा निरोगी, दृष्टिपटल निरोगी, तरी चष्मा लावूनही त्याला अक्षरे वाचता येत नाहीत. यालाच आळशी डोळा म्हणतात. तिरळे असणे भाग्याचे, किंवा मोठेपणी आपोआप सरळ होईल, असे म्हणणारी माणसे आपल्याकडे अजून भेटतात. त्यांच्या बोलण्यात माया असते, पण त्या मायेत मुलाची मोलाची वर्षे निघून जातात. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे मधूनमधून सरकतात ते स्वाभाविक आहे. नाकाचे मूळ रुंद असल्याने कित्येक बाळे तिरळी नसताना तशी दिसतातही. त्यापुढे मात्र डोळा सरकत असेल तर वाट पाहण्यासारखे काही नसते.

उपाय शोधण्याची धडपड फार जुनी आहे. १५८३ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये गेऑर्ग बार्टिश यांचा डोळ्यांच्या रोगांवरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात तिरळ्या माणसांसाठी मुखवट्यांची चित्रे आहेत. मुखवट्याला डोळ्यांपुढे छिद्रे, म्हणजे सरळ पाहिल्याशिवाय काही दिसूच नये. कल्पना भाबडी होती. तिच्यापेक्षा कितीतरी अचूक विचार निसर्गाभ्यासक ब्युफाँ यांनी १७४३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. तिरळ्या माणसाच्या दोन डोळ्यांची ताकद सारखी नसते, म्हणून चांगला डोळा काही काळ झाकावा आणि दुबळ्याला काम द्यावे, असे त्यांनी सांगितले. आज मुलांच्या चांगल्या डोळ्यावर जी पट्टी लावतात तिच्यामागे हाच विचार आहे.

पट्टी का लागू पडते आणि विशिष्ट वयातच जास्त का, हे कळायला आणखी दोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतरचे काही आठवडे मिटून ठेवला. पुढे तो उघडल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रात त्या डोळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी जवळपास उरल्याच नव्हत्या. सगळी जागा उघड्या डोळ्याने व्यापली होती. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ मिटला तर असे काही होत नव्हते. मग त्यांनी पिल्लांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून मुद्दाम तिरळेपणा आणला. या वेळी दोन्ही डोळ्यांच्या पेशी जिवंत आणि कार्यक्षम राहिल्या, पण एरवी दोन्ही डोळ्यांना मिळून प्रतिसाद देणाऱ्या पेशी अगदी मोजक्या उरल्या. प्रत्येक पेशीने एक डोळा निवडला होता. या कामासाठी त्या दोघांना १९८१ चे नोबेल मिळाले. हे प्रयोग वाचताना त्या पिल्लांसाठी वाईट वाटते, पण जगभरच्या मुलांना पट्टी वेळेत लागू लागली ती या ज्ञानामुळेच.

पट्टीच्या वेळेबद्दलही बरीच स्पष्टता आली आहे. नजर मध्यम प्रमाणात मागे पडली असेल तर रोज दोन तास पट्टी आणि सहा तास पट्टी यांचा गुण सारखाच येतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. त्याआधी २००२ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने दाखवले होते की चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब टाकून त्याची जवळची नजर पुसट केली, तरी काम पट्टीइतकेच होते. पट्टी ओढून फेकणाऱ्या मुलांच्या आयांना याने किती दिलासा मिळाला असेल! सात वर्षांपुढच्या मुलांतही काहींना उपचाराचा लाभ होतो, हे नंतर कळले. तेव्हा उशीर झाला म्हणून कुणी आशा सोडू नये. पण लवकर सुरू केलेल्या उपचाराची बरोबरी त्याला क्वचितच येते.

दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहण्याचे मोल काय, हे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. दोन डोळे काही सेंटीमीटर अंतरावर असल्याने दोघांची चित्रे किंचित वेगळी असतात आणि त्या फरकातून मेंदू खोली उभी करतो. त्यांनी आरशांचे साधन बनवून कागदावरच्या दोन सपाट रेखाटनांतून घन आकृती दिसत असल्याचे दाखवून दिले. तान्हेपणापासून तिरळ्या असलेल्यांना ही खोली ठाऊकच नसते. अमेरिकेतल्या मज्जाशास्त्रज्ञ सूझन बॅरी अशाच. बालपणी तीन शस्त्रक्रिया होऊन त्यांचे डोळे दिसायला सरळ झाले होते, पण मेंदू एका वेळी एकाच डोळ्याचे ऐकत राहिला. आपल्याला खोली दिसत नाही हे त्यांना कळले ते महाविद्यालयात, ह्युबेल आणि वीझल यांच्या प्रयोगांवरचे व्याख्यान ऐकताना. पुढे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी डोळ्यांचे नियमित व्यायाम सुरू केले आणि एके दिवशी गाडीत बसल्यावर स्टिअरिंगचे चाक त्यांना समोरच्या भागापासून सुटून पुढे आलेले दिसले. नंतर बर्फ पडताना पाहून त्यांना पहिल्यांदाच जाणवले की हिमकण एका पडद्यावर पडत नाहीत. त्यांच्या अधेमधे मोकळी जागा आहे आणि आपण त्या जागेत उभ्या आहोत. ऑलिव्हर सॅक्स यांनी २००६ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. बॅरी यांनी स्वतःही पुस्तक लिहिले. अशी उदाहरणे थोडी आहेत, सर्वांना हे साधत नाही. पण प्रौढ मेंदूची दारे कायमची बंद होतात हा समज त्यांनी मोडून काढला.

तिरळेपणावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये योहान फ्रीडरिश डीफेनबाख यांनी २६ ऑक्टोबर १८३९ रोजी केली. रुग्ण सात वर्षांचा मुलगा होता. ईथरची भूल अजून सात वर्षे दूर होती. त्या मुलाने ते कसे सोसले असेल, याची कल्पना करवत नाही. डीफेनबाख नाकाकडचा स्नायू सरळ कापून टाकत, त्यामुळे पुढे काहींचा डोळा उलट बाहेर जाई. आज स्नायू कापून टाकत नाहीत. त्याची जागा काही मिलिमीटर मागे सरकवतात किंवा त्याला आखूड करून पुन्हा शिवतात. जिथून स्नायू सुटतो तिथे डोळ्याची भिंत फक्त ०.३ मिलिमीटर जाड असते आणि टाका तेवढ्या जाडीत, भिंतीला आरपार न जाता, घ्यायचा असतो. डोळा काढून गालावर ठेवतात आणि परत बसवतात अशी भीती अनेकांच्या मनात असते. तसे कधीच होत नाही. डोळा जागेवरच असतो. शस्त्रक्रिया कोणत्याही वयात करता येते, मात्र मागे पडलेली नजर तिने परत येत नाही.

सुरीशिवायचा एक मार्गही तिरळेपणाच्या शोधातूनच निघाला. सॅन फ्रान्सिस्कोतले ॲलन स्कॉट अशा औषधाच्या शोधात होते, जे एकाच स्नायूला काही काळ सैल करील. १९७० च्या दशकात त्यांनी बोट्युलिनम विष अगदी सूक्ष्म मात्रेत आधी माकडांच्या आणि मग माणसांच्या डोळ्यांच्या स्नायूंत टोचले. ॲट्रोपिन ज्या रासायनिक निरोपाला वाटेत अडवते, त्याच ॲसिटिलकोलीनला हे विष मज्जातंतूच्या टोकातून बाहेरच पडू देत नाही. स्नायू सुमारे तीन महिने सैल राहतो, तेवढ्यात समोरचा स्नायू आखडतो आणि काही रुग्णांत डोळा पुढेही सरळ राहतो. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी ‘बोटॉक्स’ म्हणून जग ज्याला ओळखते, ते हेच औषध.

आता डोळ्याच्या मधल्या थराकडे. युव्हियात रक्त मुबलक, म्हणून शरीरातला कुठलाही जंतू किंवा चवताळलेली प्रतिकारशक्ती तिथे सहज पोहोचते. त्या सुजेला युव्हायटिस म्हणतात. पुढच्या भागाची सूज अचानक आली तर डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसवत नाही, बाहुली लहान होते. पुष्कळदा घरात ‘डोळे आले’ असे समजून औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. डोळे येतात तेव्हा चिपडे धरतात, पापण्या चिकटतात आणि नजर साधारण शाबूत राहते. युव्हायटिसमध्ये घाण जवळजवळ येत नाही, लाली बुबुळाच्या कडेला दाट असते आणि नजर पुसट होते. हा फरक दर घरात माहीत असायला हवा. दुकानातले थेंब स्टेरॉइडचे असले तर डोळा दोन दिवसांत पांढरा दिसतो, पण असे थेंब मनाने चालू ठेवल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू झालेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे सतत येतात.

निदान होते ते स्लिट लॅम्पवर. स्वीडनचे आल्वार गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये हे यंत्र लोकांपुढे आणले. त्याची बारीक, तिरपी प्रकाशरेषा अंधाऱ्या खोलीत डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातून जाते. निरोगी डोळ्यात तिथे काही दिसत नाही, पाणी काळेभोर आणि रिकामे असते. सूज असेल तर त्या रेषेत, कवडशात धुळीचे कण तरंगावेत तशा, पांढऱ्या पेशी हळूहळू तरंगताना दिसतात. डॉक्टर त्या मोजतात, आणि उपचार किती कडक हवा हे त्या संख्येवरून ठरवतात.

आणि इथे ॲट्रोपिन तिसऱ्यांदा भेटते. सुजलेली परितारिका चिकट होते आणि मागच्या भिंगाला डकते. मग बाहुली गोल राहत नाही, पाण्याची वाट अडते, डोळ्याचा दाब चढतो. ॲट्रोपिन किंवा त्याच्या जातीचे सौम्य औषध बाहुली मोठी करून परितारिकेला भिंगापासून सोडवते. आवळलेला सिलियरी स्नायू सैल पडला की ठणकाही उतरतो. ॲट्रोपिनसारखी द्रव्ये बेलाडोना नावाच्या युरोपीय झुडपात असतात आणि आपल्या उकिरड्याकडेला उगवणाऱ्या धोतऱ्यातही असतात. धोतरा उपटून तोच हात डोळ्याला लागला तर एकच बाहुली मोठी होते. घरचे मेंदूविकाराच्या शंकेने हादरतात आणि कारण निघते बांधावरचे.

युव्हायटिसची कारणे शोधायला निघालेला डॉक्टर डोळा सोडून सगळ्या शरीरात हिंडतो. पाठ सकाळी आखडते का? तोंडात फोड येतात का? घरात कुणाला क्षय होता का? भारतात क्षयाचा विचार केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कधी कारण अनपेक्षितही निघते. १९९३ च्या अखेरीस तमिळनाडूत मदुराई भागात पूर आला आणि १९९४ मध्ये तिथल्या अरविंद नेत्र रुग्णालयात युव्हायटिसचे रुग्ण एकाएकी वाढले. डॉ. रत्तिनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा लेप्टोस्पायरा हा जंतू शोधून काढला. उंदरांच्या मुतातून पुराच्या पाण्यात उतरणारा, पायाच्या जखमेतून शिरणारा हा जंतू ताप गेल्यावर काही महिन्यांनी डोळ्यात सूज आणतो. २६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, कोकणात भातलावणीच्या दिवसांत तो दरवर्षी डोके वर काढतो. म्हणून पावसाळ्यात लेप्टो झालेल्या माणसाचा डोळा दिवाळीच्या सुमारास लाल झाला, तर जुन्या तापाची आठवण डॉक्टरांना आवर्जून द्यावी. घोड्यांना तर याच जंतूने पुन्हा पुन्हा युव्हायटिस होतो. त्याच्या फेऱ्या चंद्रकलांशी जुळतात असे युरोपातल्या जुन्या अश्ववैद्यांना वाटे.

जंतू डोळ्यात दडून राहू शकतो याचा सर्वांत विलक्षण पुरावा २०१४ मध्ये मिळाला. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या रुग्णांवर उपचार करताना अमेरिकी डॉक्टर इयन क्रोझियर यांना तो आजार झाला. अटलांटाच्या एमरी रुग्णालयात ते मरणाच्या दारातून परतले, रक्तातून विषाणू गेला. पुढे डाव्या डोळ्यात तीव्र युव्हायटिस झाला तेव्हा डोळ्यातल्या पाण्याचा थेंब तपासला आणि त्यात जिवंत इबोला निघाला. अश्रूंत मात्र तो नव्हता. निळ्या डोळ्याचा रंग काही काळ हिरवा झाला होता. नजर पुढे परत आली.

रक्तातून हटलेला शत्रू डोळ्यात का टिकतो? कारण डोळ्यात प्रतिकारशक्तीला हात आखडता घ्यावा लागतो. शरीरात इतरत्र सूज येते आणि ओसरते, थोडा व्रण राहिला तरी चालते. डोळ्यात पारदर्शकता गेली की सगळेच गेले. पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये सशांच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या सशाच्या कातडीचे तुकडे ठेवले. बाहेर जे तुकडे शरीराने हमखास नाकारले असते ते तिथे तगले. नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवताना सर्वसाधारणपणे ऊतकांची जुळणी पाहावी लागत नाही, त्यामागेही डोळ्याला मिळालेली ही सूटच आहे.

या सवलतीची दुसरी बाजू क्रूर आहे. युव्हियातल्या रंगद्रव्याच्या पेशींची प्रथिने प्रतिकारशक्तीच्या पुरती ओळखीची झालेली नसतात. एका डोळ्याला खोल जखम झाली आणि ती प्रथिने बाहेर पडली, तर शरीर त्यांना शत्रू ठरवते आणि काही आठवड्यांनी, कधी वर्षांनी, दुसऱ्या, धक्काही न लागलेल्या डोळ्यावर चालून जाते. ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी यांनी १८४० मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्याआधी, १८१२ मध्ये, पॅरिसजवळच्या कुव्रे गावात खोगीर बनवणाऱ्या कारागिराचा तीन वर्षांचा मुलगा बापाच्या आरीशी खेळत होता. आरी एका डोळ्यात घुसली. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. लुई ब्रेल यांच्या दुसऱ्या डोळ्याचा घात याच आजाराने केला असावा, असे अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्यांनी सहा ठिपक्यांची लिपी आकाराला आणली. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमधून मराठी मुले आज त्याच सहा ठिपक्यांवर बोटे फिरवून बाराखडी वाचतात.

हा आजार आता विरळा झाला आहे. जखम तातडीने शिवली जाते, आणि दुसऱ्या डोळ्यात सूज दिसली की स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लगेच सुरू होतात. ब्रेल यांच्या काळी यातले काहीच नव्हते. दिवाळीत फटाक्याने किंवा विटीने फुटलेला डोळा बरा झाला तरी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावर नजर ठेवायला सांगतात ते यासाठी.

तिरळेपणा आणि युव्हिया पुन्हा एकत्र येतात ते एका फसव्या आजारात. लहान मुलाचा, बहुधा मुलीचा, एक गुडघा सुजतो. खेळताना पडली असेल असे वाटते. तो असतो बालसंधिवात, आणि अशा दहा मुलांपैकी एका-दोघांच्या डोळ्यांत युव्हायटिस होतो. हा मोठ्यांसारखा लाल, ठणकणारा नसतो. डोळा स्वच्छ पांढरा, वेदना नाही, मूल हसत-खेळत. आत मात्र परितारिका भिंगाला चिकटत जाते, मोतीबिंदू धरतो, नजर उतरते. नजर उतरलेला डोळा दुसऱ्याशी जुळून राहू शकत नाही, तो सरकतो. आईला दिसतो तो हा सरकलेला डोळा. म्हणून संधिवात असलेल्या अशा मुलांना डोळ्याची काहीही तक्रार नसताना साधारण दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर बसवतात.

सरकलेल्या डोळ्यामागे याहूनही गंभीर कारण असू शकते. दृष्टिपटलाचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांत बाहुलीतल्या पांढऱ्या चमकेने किंवा तिरळेपणाने पहिल्यांदा कळतो. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळा दाखवावा. वेळेत सापडला तर तो बरा होतो. तिरळ्या मुलाच्या बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा मागचा पडदा तपासल्याशिवाय चांगला नेत्रतज्ज्ञ चष्म्याची चिठ्ठी लिहीत नाही, याचे कारण हे.

संधिवाताच्या युव्हायटिसवर गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली गेली. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत, नेहमीच्या मेथोट्रेक्सेटला ॲडॅलिमुमॅब या औषधाची जोड दिल्यावर मुलांचे डोळे इतके स्पष्टपणे सुधारले की नव्या मुलांना नुसत्या गोळीवर ठेवणे योग्य नाही म्हणून चाचणी वेळेआधी थांबवली गेली. ॲडॅलिमुमॅबची भारतात बनलेली स्वस्त आवृत्ती २०१४ पासून मिळते. ते देण्याआधी दडलेला क्षय तपासावाच लागतो, कारण हे औषध त्याला जागे करू शकते.

अशा मुलाच्या उपचाराचा क्रम ठरलेला असतो आणि पालकांना तो फार लांब वाटतो. आधी सूज आटोक्यात आणायची. मग ती किमान तीन महिने शांत राहिली की मोतीबिंदू काढायचा. मग चष्मा, आणि मागे पडलेल्या नजरेसाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी. ज्या सरकलेल्या डोळ्यामुळे आईने मुलीला पहिल्यांदा दवाखान्यात नेले, त्याला सरळ करणारी शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी येते. कारण डोळ्याला दिसू लागले तर तो पुष्कळसा आपणहून जागेवर येतो, आणि मग किती मिलिमीटर हलवायचे हे नव्याने मोजावे लागते.